‘प्रतिकारक वाण ही थाप आहे’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, टोमॅटोच्या मरीवरचा, म्हणजे उभं झाड सुकवणाऱ्या रोगावरचा, माझा लेख वाचून तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाकिटावर ‘प्रतिकारक’ छापलेलं असूनही पहिल्या तोड्याच्या आत झाडं बसली, तेव्हा ही सगळी थाप आहे. पैदासकार (नवे वाण तयार करणारे) नवा वाण आणेपर्यंत बुरशी पुढे निघून जाते, मग हा खटाटोप कशाला? आणि गावरान टोमॅटोला मर कधी येतच नव्हती.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. ‘मर प्रतिकारक वाण निवडा’ एवढंच लिहून मी पुढे गेलो. कोणती मर, हे सांगितलंच नाही. आपल्याकडे झाड सुकलं की ‘मर लागली’ म्हणून मोकळे होतो, पण बुरशीची मर वेगळी आणि जिवाणूची वेगळी. फ्युजेरियम बुरशी असेल तर आधी खालची पानं पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाच्या एकाच अंगाची. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, असं काही दिवस चालतं. बुंधा उभा चिरला की सालीखाली तपकिरी रेघा दिसतात. जिवाणूची मर असेल तर झाड हिरवंगारच बसतं, पिवळं व्हायलाही सवड मिळत नाही. त्याच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरला की थोड्याच वेळात दुधट धागे खाली उतरताना दिसतात. मी स्वतः ही ग्लासाची परीक्षा शिकलो ती दोन हंगाम चुकीची आळवणी (झाडाच्या मुळाशी औषध ओतणं) करून पैसे घालवल्यावर.

आता बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ घ्या. त्याची प्रतिकारशक्ती पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांच्याविरुद्ध आहे. तुमच्या रानात फ्युजेरियम असेल, तर ‘मर प्रतिकारक’ म्हणून हा वाण लावून उपयोग नाही. वाणही खोटा नाही आणि तुमचं नुकसानही खोटं नाही.

त्यात आकड्यांचा घोळ. टोमॅटोवरच्या फ्युजेरियमच्या तीन रेस आहेत, म्हणजे एकाच बुरशीचे तीन प्रकार; कोणता वाण कोणत्या प्रकारापुढे टिकतो, ते वेगवेगळं असतं. अमेरिकेत त्यांना १, २, ३ म्हणतात, तर युरोपात त्याच तिघींना ०, १, २. म्हणजे एका पाकिटावर ‘०, १’ आणि दुसऱ्यावर ‘१, २’ असेल तर दोन्ही वाणांची ताकद एकच असू शकते. ‘२’ पाहून जास्त पैसे मोजणारा शेतकरी फसतो, आणि दुकानदारालाही हे ठाऊक असतंच असं नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. इतिहास वरवर तुमच्याच बाजूचा दिसतो, हे कबूल. १९३९ साली अमेरिकेतल्या मिसूरीत बोन आणि टकर यांना पेरूहून आलेल्या, करवंदाएवढ्या फळांच्या रानटी टोमॅटोत फ्युजेरियमला दाद न देणारं जनुक सापडलं. त्याचं नाव ‘आय’. ते घालून १९४१ मध्ये ‘पॅन अमेरिका’ हा वाण आला. १९४५ मध्ये ओहायोत त्याला चकवणारी रेस २ नोंदली गेली. पण फ्लोरिडात ती खऱ्या अर्थाने पसरली १९६०च्या सुमारास. मधली पंधरा-वीस वर्षं लोकांनी टोमॅटो पिकवला, विकला, पोरं शिकवली. ते वाया गेलं म्हणायचं का? पुढे ‘आय-२’ जनुक घेऊन १९६९ मध्ये ‘वॉल्टर’ आला. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये रेस ३ दिसली.

ही जनुकं बुरशीला मारत नाहीत, ती तिला ओळखतात. बुरशी झाडाच्या रसवाहिन्यांत काही प्रथिनं सोडते. त्यातलं एक ‘आय’ ओळखतं आणि झाड तिथल्या तिथे वाट बंद करतं. रेस २ ने काय केलं, तर ते प्रथिन बनवणंच सोडून दिलं. आता गंमत बघा. २००८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की हेच प्रथिन बुरशीच्या कामाचंही होतं. ते ‘आय-२’ आणि ‘आय-३’ ला गप्प बसवत होतं. म्हणजे ‘आय’ आणि ‘आय-२’ एकाच झाडात असले तर बुरशीला इकडे आड, तिकडे विहीर. प्रथिन ठेवलं तर ‘आय’ पकडतं, टाकलं तर ‘आय-२’ जागं होतं. रेस ३ यातूनही निसटली. ‘आय-२’ जे प्रथिन ओळखतं ते बुरशीला रोग लावायला लागतं, म्हणून तिने ते टाकलं नाही, त्यात फक्त बारीकसा बदल केला. म्हणून एकामागून एक जनुक आणण्यापेक्षा ती एकत्र बांधणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे.

ते सोपं नाही, हेही खरं. रेस ३ साठीचं ‘आय-३’ आणलं दुसऱ्या एका रानटी जातीतून. त्याच्या शेजारचा गुणसूत्राचा तुकडाही सोबत आला, आणि त्यापायी फळ लहान झालं, जिवाणूजन्य ठिपक्यांचा त्रास वाढला. तो नको असलेला तुकडा छाटत बसायला पैदासकारांची वर्षानुवर्षं गेली.

गावरानाबद्दल थोडक्यात. वर सांगितलेली जनुकं आली ती रानटी नात्यातून, लागवडीच्या टोमॅटोतून नाही. आजोबांच्या काळात बांधावर चार झाडं असायची, पुढच्या वर्षी तिथे ज्वारी. ते श्रेय मी बेवडाला, म्हणजे पीक बदलण्याला, देईन. आज आपण त्याच बेडवर, त्याच मल्चिंगवर वर्षात दुसऱ्यांदा टोमॅटो लावतो, आणि या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं तग धरून राहतात. तोच गावरान आज त्या बेडवर लावून पाहा, मेलेल्या झाडांच्या जागी किती नांगे भरावे लागतात ते दिसेल.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. तुम्ही मेलेल्या दोन-तीन झाडांचे बुंधे चिरून फोटो टाका, पाकिटाची मागची बाजूही. मुळांना गाठी आहेत का तेही बघा, कारण सूत्रकृमी असेल तर मर जास्त जोर करते.