घासाघीस शेवटी घोड्याच्याच पाठीवर उतरते

आज दुपारी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कोकणातला समुद्रकिनारा, डोक्यावर भर दुपारचे ऊन आणि बरगड्या मोजता येतील अशा एका घोड्यावर पुढे मुलगा व मागे त्याचे भरभक्कम वडील, असे दोघे बसलेले. घोडेवाला लगाम धरून कोरड्या, भुसभुशीत वाळूतून जवळजवळ धावत होता आणि व्हिडिओ काढणारा "अजून जोरात, अजून जोरात" म्हणून ओरडत होता. खाली मोठ्या अभिमानाने लिहिले होते, '200 सांगत होता, 80 मध्ये पटवला.' त्यावर टाळ्यांची आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये असे लोक आहेत की जे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. तिथे भांडण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे.

मी घोडेस्वारीच्या विरोधात आहे असे मात्र कोणी समजू नये. माझे माहेर शहादा तालुक्यातले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे आणि नंतर तापीकाठच्या घोडेबाजारात दिवेलागणीपर्यंत फिरायचे, हा आमच्या घरचा नेम होता. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या बाजारात कधी घोडा विकत घेतला नाही, पण एकही घोडा त्यांनी नुसता ओलांडला नाही. दात पाहायचे, खूर उचलून पाहायचे, अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते पाहायचे, रेवाल चाल, म्हणजे बसणाऱ्याला हिसका न देणारी झपझप चाल, दाखवायला सांगायचे आणि मग मान हलवून पुढे जायचे. एखादा व्यापारी कौतुकाने मला उचलून घोड्यावर बसवायला लागला, की ते अहिराणीत म्हणत, "आधी घोडाले इचार, मंग बस." मला ती त्यांची थट्टा वाटायची. घोड्याला विचारायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते खूप वर्षांनी, काशीदच्या किनाऱ्यावर.

मुलीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये आम्ही जळगावहून बसने गेलो होतो. अलिबाग, काशीद, मुरूड असा नेहमीचा बेत. काशीदला पोहोचलो तेव्हा सूर्य माथ्यावर होता. सुरूच्या झाडांच्या सावलीत दोन घोडे उभे होते, त्यांचे तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचे खोगिराचे पट्टे, सैल केलेले होते आणि समोर गवत होते तेही वाळूवर टाकलेले नव्हते, गोणपाटावर होते. मुलगी धावतच गेली. घोडेवाला उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आत्ता नाही, ताई. ऊन उतरू द्या, ओहोटी लागू द्या, मग या." आमच्याच बसमधल्या एका गृहस्थांना हा स्वतःचा अपमान वाटला. आपण एवढ्या लांबून आलो, पैसे देतो आहोत, आणि हा आपल्याला वेळ सांगतो! त्यांनी आवाज चढवला, दर पाडून मागितला, मग वाढवून दिला, शेवटी "धंदा करायचा आहे की नाही तुला?" असे विचारले. तो माणूस शांतपणे म्हणाला, "करायचा आहे म्हणूनच." आणि पुन्हा बादलीत पाणी ओतायला लागला.

त्या उत्तराला खरी दाद तिथेच द्यायला हवी होती, पण बसमधल्या लोकांना तो माणूस उद्धट वाटला, आणि परतीच्या वाटेवर मुरूडपासून खोपोलीपर्यंत त्याच्या उद्धटपणाचीच चर्चा चालली. मला अजूनही या गोष्टीचा राग येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, म्हणून कोकणातले 33-34 अंश आपल्याला गारवा वाटतो आणि "एवढ्याशा उन्हाने घोड्याला काय होते" असे आपण बेधडक म्हणतो. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. खानदेशातल्या कोरड्या हवेत घाम निदान वाळतो तरी. समुद्राकाठच्या दमट हवेत तो अंगावर तसाच निथळत राहतो आणि आतली उष्णता आतच साठते. आपल्याला तिथे चिकचिक होते म्हणून आपण तासातासाला शहाळे मागवतो. घोड्याला तर एरवीही दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागते आणि समोरच्या अथांग समुद्रातला एक घोटही त्याच्या कामाचा नाही.

कायद्याने काही सांगितले नाही असेही नाही. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे, आणि ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीचे नियम 1965 चे. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नको, सलग 5 तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 काम घ्यायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गंमत पाहा, हा 37 चा आकडा आपल्या जळगाव-धुळ्याला चपखल बसतो, पण कोकण किनाऱ्यावर पारा सहसा त्याच्या आतच राहतो, म्हणजे घोड्याला जिथे दमटपणाने जीव नकोसा होतो तिथे हा नियम बहुधा लागूच पडायचा नाही. काशीदच्या त्या माणसाने तो नियम वाचला असेल असे मला वाटत नाही. त्याने घोड्याच्या नाकपुड्या पाहिल्या होत्या, आणि ते पुरेसे होते.

संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. पाणी मागे हटले होते आणि ओल्या, घट्ट वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडला होता. आधी त्याने मुलीचे वजन विचारले, मग पायातल्या चपला पाहून "बूट नाहीत का?" असे विचारले, कारण सैल चप्पल रिकिबीत अडकली आणि माणूस पडला तर तो फरफटत जातो. बूट बसमध्ये होते, ते आणायला लावले. मग मुलीला घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे करून, हात उलटा करून पुढे धरायला सांगितले. घोड्याने हात हुंगला, कान पुढे केले, मान जराशी खाली आणली. "आता ओळख झाली," असे तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांपुढे सारंगखेड्याच्या बाजारात एकेका घोड्यापाशी थांबणारे नाना उभे राहिले.

पुढेही त्याची घाई नव्हती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे अगदी मागचे आणि अगदी नाकासमोरचे त्याला दिसत नाही, म्हणून मागून जायचे नाही, हे त्याने मुलीला सांगितले आणि मुलीने लगेच मला ऐकवले. तंग आवळला, चार पावले चालवले, आणि पुन्हा एकदा आवळला, कारण काही घोडे तंग बांधताना पोट फुगवून धरतात आणि नंतर खोगीर घसरते. लगामाची कडी साधी, गुळगुळीत होती. काटे असलेली कडी त्याच 1965 च्या नियमांनी निषिद्ध ठरवलेली आहे, तरीही ती बाजारात मिळते आणि तोंडात घातलीही जाते. मुलीला लगाम मुठीत आवळू दिला नाही. "ओढायचा नाही, नुसता धरायचा," एवढेच सांगितले. मग तो स्वतः समुद्राच्या बाजूने चालू लागला, म्हणजे लाट आली तर घोड्याला आधी आपला माणूस दिसावा आणि मग पाणी. अर्धा तास त्या ओल्या वाळूवरून ते दोघे आणि घोडा असे तिघे चालत गेले आणि चालतच परत आले. मुलगी अधूनमधून हिरमुसली होती, कारण तिला घोडा पळवायचा होता. त्याने पळवला नाही.

आता घासाघिशीबद्दल लिहिते, कारण खरी आग तिथे आहे. घोड्याची फेरी हे काही भाजी मार्केटमधले वांगे नव्हे, की दर पाडला तर विकणाऱ्याचा नफा तेवढा कमी होईल आणि वांग्याला त्याचे काही सोयरसुतक नसेल. घोडा पर्यटक असोत नसोत, रोज खातो. चंदी म्हणजे दाणा, गवत, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, शिवाय पावसाळ्याचे महिने असे की समुद्र खवळलेला आणि किनारा ओस. हा सगळा खर्च ठरलेला आहे. तुम्ही 200 ची फेरी 80 मध्ये पटवली, की तो खर्च भरून काढण्यासाठी अडीच पट फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्या फेऱ्या मारणारा घोडेवाला नसतो, घोडा असतो. मग दुपारची विश्रांती जाते. मग एकाऐवजी दोघे बसतात. मग ओहोटीची वाट न पाहता कोरड्या वाळूतून नेले जाते, जिथे पाय दर पावलाला रुततो आणि पायाच्या शिरा ताणल्या जातात. ओल्या खोगिराखाली पाठ सोलवटते, तंगाखाली जखम होते, आणि ती झाकायला वर रंगीत झूल येते. आपण त्या झुलीसह फोटो काढतो.

वजनाचेच घ्या. जाणकार सांगतात की घोड्याच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार असू नये, आणि त्यात खोगीरही धरायचे. किनाऱ्यावरची बहुतेक घोडी लहान चणीची असतात. 350 किलोंचा घोडा धरला तरी हा हिशेब 70 किलोंवर थांबतो. सामान वाहणाऱ्या तट्टूसाठी 1965 च्या नियमांतही 70 किलोंचीच मर्यादा आहे. व्हिडिओतल्या त्या दोघांचे वजन मी काही काट्यावर केलेले नाही, पण ते 70 मध्ये बसत नाही हे सांगायला काटा लागत नाही.

सगळेच घोडेवाले काशीदच्या त्या माणसासारखे नसतात, हे मला मान्य करावे लागेल. लंगडणाऱ्या जनावराला चाबूक मारणारेही मी पाहिले आहेत. मग हे सगळे बंदच करून टाका, असे म्हणणारे प्राणिमित्र भेटतात. त्यांचेही चुकते असे नाही. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या शोभेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हा त्या घोड्यांचे हाल कोणाला दिसत नव्हते असे नाही. पण बंदीनंतर घोड्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न विचारला की यातले बरेच जण दुसऱ्या विषयावर जातात. ज्या घोड्याला काम नाही त्याला चंदीही नाही, हे सारंगखेड्याच्या बाजारात दोन दिवस काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मला बंदी नको आहे. मला दुपारी "आत्ता नाही" म्हणणारा माणूस हवा आहे, आणि तसे म्हणूनही त्याच्या घरची चूल पेटायला हवी आहे.

आमच्या बसमधल्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले तेही सांगते. त्यांनी तेवढ्याच तावातावाने थोड्या अंतरावर दुसरा घोडा गाठला, भर उन्हात, निम्म्या पैशांत, आणि घोडा पळवायला लावला. ज्याने आयुष्यात कधी रिकिबीत पाय टाकला नाही तो माणूस पळत्या घोड्यावर पोत्यासारखा आदळतो, आणि प्रत्येक आदळणे घोड्याच्या कण्यावर बसते. त्यांच्याही कण्यावर बसले असावे, कारण रात्री मुक्कामावर ते बाम मागत फिरत होते. मी दिला नाही. माझ्याकडे होता.

(हे लिहिताना थोडे बरे वाटले, आणि बरे वाटले याचे फारसे वाईटही वाटले नाही.)

सुट्ट्या जवळ आल्या आहेत, तुमच्यापैकी अनेकजण कोकणात, गोव्यात, कोणी त्याहून लांब जाल. किनाऱ्यावर घोडा दिसला की मुले हट्ट करतील, आणि त्यांनी तो करावा. फक्त पाच मिनिटांच्या फोटोफेरीऐवजी जाणता माणूस बरोबर चालेल अशी निवांत रपेट मागा. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर जा. भरती-ओहोटीची वेळ आजकाल फोनवर दिसते, ती पाहून जा. झुलीचा कोपरा उचलून पाठ पाहा. घोडेवाल्याला राग आला तर तो घोडा तुमच्यासाठी नाही. बूट घाला, आणि मिळत असेल तर डोक्यावर हेल्मेट घ्या, वाळू मऊ असली तरी घोड्याची पाठ उंच असते. दर जास्त वाटला तर बसू नका, लांबून बघा, घोडा लांबूनही सुंदरच दिसतो. आणि खरोखर पळवायचाच असेल, तर आधी कुठेतरी मैदानावर काही महिने शिका, दुडकी म्हणजे हळू, उडती चाल शिका, मग दौड. किनारा ही शिकण्याची जागा नव्हे.

काशीदला त्या माणसाने जेवढे सांगितले तेवढे मी दिले, आणि मुलीच्या हातून गुळाचा खडा घोड्यासाठी दिला. तो त्याने आधी स्वतः हातात घेऊन पाहिला आणि मग खायला दिला. आमच्या यजमानांच्या मते मी पैसे जास्त दिले आणि अर्ध्या तासाला एवढे कोणीच देत नाही. ही पोस्ट वाचून ते खाली कमेंटमध्ये तसे लिहितीलही. त्यांना उत्तर मी घरी देईन. बाकी कोणाला द्यायचे असेल तर मी रात्री दहापर्यंत जागी आहे.