एकतीसनंतर पापड

विषय फक्त ५०० रुपयांचा आहे. राग मात्र त्याहून बराच जास्त आहे आणि अजून उतरलेला नाही.

आमच्या गल्लीत पी-१, पी-२ आहे. विषम तारखेला गाड्या पी-१च्या बाजूला लावायच्या, सम तारखेला समोर. १ तारखेला सकाळी माझी स्कूटर पी-१च्या पाटीखाली होती आणि दुपारी नो पार्किंगचं ई-चलन आलं. फोटोत मागचं चाक, नंबरप्लेट आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट. पाटी नाही. ती फोटोत आली असती तर चलन तरी कशाला झालं असतं म्हणा.

संध्याकाळी तावातावाने चौकीत गेले. हवालदारांनी माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला.

"काल गाडी कुठं लावली होती?"

"तिथेच."

"आणि आज पण तिथेच? मग पी-१, पी-२ कशासाठी लावलंय मॅडम?"

"साहेब, काल ३१ होती. आज १ आहे. दोन्ही विषम."

हवालदार गप्प झाले. माझ्या बाजूने काहीतरी घडेल असा तो एकमेव क्षण होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "असं कसं होईल?"

बाकावर एक काका बसले होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं, तेही चलनाचेच.

"छे छे, मी असाच. घरी लाईट गेलीय, इथे पंखा चांगलाय," काका म्हणाले आणि उठून थेट टेबलापाशी आले. "काल विषम, तर आज सम. उद्या पुन्हा विषम. साधी गोष्ट आहे, ताई."

"काका, १ ही विषम संख्या आहे."

"संख्या असेल हो. आपण तारखेचं बोलतोय."

याला काय उत्तर देणार? मी हवालदारांकडे बघितलं. ते काकांकडे कौतुकाने बघत होते.

"कॅलेंडरच बघू ना," काका म्हणाले. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण पान अजून गेल्या महिन्याचंच. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेका चौकोनावर बोट टेकवत ३१पर्यंत आले आणि पुढच्या चौकोनावर थांबले. तिथे पापडाची जाहिरात होती.

"बघा, ३१नंतर काही नाहीच!"

मी पान उलटलं. सरकारी भिंतीवरचं कॅलेंडर परवानगीशिवाय उलटलं म्हणून हवालदारांच्या कपाळावर आठी पडली. पान उलटल्यावर १ तारीख निघाली, ठळक. मग मी पेटलेच. वर्षात ३१ दिवसांचे ७ महिने, म्हणजे ७ वेळा ही भानगड होते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च येतो, म्हणजे ८ वेळा. साध्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९, हेही मी तिथेच त्यांच्या रद्दी कागदावर मांडून दाखवलं. गणितात मी कधी चमकले नव्हते. चौकीत चमकले.

काका त्या कागदाकडे बघतच राहिले. "म्हणजे पी-१च्या बाजूला सात दिवस जास्त गाड्या?"

"हो ना!"

"पण मी पी-१च्याच बाजूला राहतो!"

झालं. माझं चलन बाजूला पडलं. इतकी वर्षं आपल्या फाटकासमोर वर्षाला सात दिवस फुकट गाड्या लागतायत, याचा काकांना साक्षात्कार झाला होता. "हा अन्याय आहे, साहेब," ते म्हणाले. आणि मघापासून माझ्याशी धड न बोलणाऱ्या हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली, कोरा कागद दिला, "विषय मोठा लिहा, खाली रेघ मारा," असं मार्गदर्शनही केलं.

"आणि माझं?"

"तुमचं ऑनलाइन तक्रारीत टाका. पुढच्या वेळी मात्र १५०० लागतील हां."

याच वाक्याने माझं डोकं फिरलं. पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १५०० हे मलाही माहीत आहे. पण हे ५०० मुकाट्याने भरले की माझी पहिली वेळ होऊन गेली! ऑनलाइन तक्रार टाकली, तर उत्तर आलं, "फोटोमध्ये वाहन दिसत आहे." दिसणारच. ते दिसत नाही असं मी कुठे म्हटलं होतं? आता जो तो सांगतो, लोकअदालतीत जा, तिथे कमी करून देतात. कमी कशाला? न केलेल्या गुन्ह्यावर सवलत घ्यायला रजा टाकून रांगेत उभं राहायचं? शिवाय चलन थकलं की पीयूसीच्या दुकानातला मुलगासुद्धा "मॅडम, पेंडिंग दिसतंय" असं चारचौघांत मोठ्याने सांगतो.

परवा काका गल्लीत भेटले. लांबूनच हात केला.

"ताई, अर्ज घेतला! शिक्का मारून आवक क्रमांकसुद्धा दिला."

"वा," मी म्हटलं.

"पुरावा लागतो म्हणाले. मग काय, तुमच्याच स्कूटरचा नंबर दिलाय."