सातबाऱ्यावरचा बैल

कोळशाने काढलेलं चित्र स्कॅनरच्या काचेवर पालथं घालू नये, ही पाटी लातुरातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात मी स्वखर्चाने लावून द्यायला तयार आहे. परवा मी "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत दुकानातल्या पोराने भाचीचा बैल काचेवर पालथा पाडून वरून झाकण दाबलं होतं. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारलाय का, असं त्याने आधी विचारलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. त्याने विचारलं, "सर, ब्लॅक अँड व्हाइट का कलर?"

भाचीला अमेरिकेतल्या कॉलेजात जायचंय. लातुरात हे बोलायची सोय नाही. इथे बारावीच्या मुलीचा मामा दिसला की लोक 'नीटला किती?' एवढंच विचारतात. चित्रकलेचा उपयोग दहावीपुरता: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असेल तर ७ जादा गुण, बीला ५, सीला ३. गुण पडले की रंगपेटी माळ्यावर. तिकडची कॉलेजं मार्क, ६५० शब्दांपर्यंतचा निबंध आणि शिफारसपत्रं घेऊन वर म्हणतात, काही सर्जनशील काम असेल तर तेही जोडा. कलेचंच कॉलेज असलं तर जोडावंच लागतं; ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामं मागतं. आपली बीएफएची सीईटी, म्हणजे कला पदवीची प्रवेश परीक्षा, मला यापेक्षा सरळ वाटते. समोर वस्तू ठेवतात, कागद देतात, काढ म्हणतात.

तर कागद हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, आणि दुकानातली काच ए-फोरची. म्हणजे बैलाचे चार तुकडे करून ते संगणकावर जोडायचे. त्यात झाकण पुरतं बसत नाही, कडेने उजेड शिरतो आणि प्रत्येक तुकड्याला राखाडी पट्टा येतो. हे मी पोराला समजावत होतो, तोवर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद त्याच काचेवर टाकून मोकळे केले होते.

"माझ्या सातबाऱ्यावर हे शेपूट कुणाचंय?"

धोतर, टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी. हे शेतकरी मामा पीककर्जाची फाइल करायला आले होते. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळ्या झेरॉक्सवर उजव्या कोपऱ्यात एकच काळा फराटा. आधारवर तो नेमका त्यांच्या मिशीला जोडून आला होता.

"पुसतो की मामा," पोरगं म्हणालं.

"पुसू नको. आधी बैल दाखव."

मी चित्र दाखवलं. मामांनी चष्मा काढला, कागद लांब धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जात कोणती? देवणी हाय का लाल कंधारी?"

"कोळशाने काढलंय मामा, लाल कसा असेल?"

"मग देवणी. देवणीत अंगावर ठिपके म्हणजे शेवेरा. मग तोंड वानेऱ्यासारखं काळं कामून केलं? आन् कान बगा. देवणीचे कान खाली लोंबते असतेत. हे उभे कान कुठून आणले?" मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न आला. "आदत हाय का दोन दाती?"

"तोंड मिटलेलं आहे."

"तेच म्हणायलोय. हाळीच्या बैलबाजारात तोंड मिटलेल्या बैलाला कुणी हात लावत नाही. अमेरिकेतला माणूस एवढ्या लांबून दात मोजून वय कसं काढील?"

चित्राखाली भाचीने शीर्षक लिहिलं होतं. प्रत्येक कामाबरोबर शीर्षक, माध्यम, माप, साल आणि दोन ओळींचं निवेदन द्यावं लागतं. निवेदनात 'श्रमणाऱ्या जिवाचं मौन' असं होतं. मामांनी ते मोठ्याने वाचलं. "मौन? कडबा टाकायला उशीर करा एक दिस. गल्ली उठवतंय." मग हळू आवाजात, "ह्याला किती पडलं सर?"

मी सांगितलं. अर्जाची फी डॉलरमध्ये, आणि काही ठिकाणी हे काम चढवायची फी निराळी.

"म्हणजे बैल बी आपला, पैसे बी आपणच द्यायचे? आन् घेतील का, ह्याचा भरवसा नाही?"

नाही. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्टच नाही. फी माफीची सोय असते, पण ती सगळीकडे मिळत नाही, आणि अर्ज एका ठिकाणी करून कोण थांबतं? मामांनी शेवटी फराट्यासकट झेरॉक्स पिशवीत घातल्या. "तलाठी म्हणंल, हा बैल इतर हक्कात कधी चढला, फेरफार दाखवा." त्या झेरॉक्सचे पैसे पोराने माझ्याकडून घेतले. चूक त्याची, काच त्याची.

खरं तर कोळशाचं चित्र स्कॅन करायचंच नसतं, फोटो काढायचा. कागद भिंतीवर सरळ चिकटवायचा, फोन कागदाच्या मध्याच्या उंचीवर आणि त्याला समांतर धरायचा. जवळ जायचं नाही. मागे सरून दुप्पट झूम करायचं, नाहीतर कडा फुगतात आणि बैलाचं पोट पावसाळी म्हशीएवढं दिसतं. ट्यूबलाइट बंद, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की अर्धा कागद निळसर, अर्धा पिवळट होतो. ऊन थेट नको, ढगाळ दिवस उत्तम. आता लातुरात ढगाळ दिवस कुठून आणायचा? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ढग कुणी पाठवले नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकला की त्याचा चोथा होतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-थ्री म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, न दाबता सुमारे ५२ एमबी. वेबसाइट बहुतेक वेळा मोजकेच एमबी घेते. लांब बाजू २००० पिक्सेलवर आणून जेपीईजी केलं की भागतं, पण कागद दाणेदार असला तर तीच फाइल उगाच फुगते. फाइलच्या नावात देवनागरी नको, मोकळी जागा नको. कलर मोड पडद्याचा, म्हणजे आरजीबी. दुकानदार छापायच्या सवयीने सीएमवायके करून देतो आणि पडद्यावर सगळे रंग आजारी दिसतात.

चित्रांचं तरी बरं. भाचीने कविताही जोडल्यात, मूळ मराठी आणि शेजारी इंग्रजी अनुवाद. दुकानात मराठी टाइप होते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात, आणि पीडीएफ करताना फाँट आत बसवायचं कुणाच्या ध्यानात नसतं. मग परक्या संगणकावर कवितेच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं उमटतात. तिकडचा माणूस त्याला प्रयोगशील कविता समजून दाद देईल, ही मला खरी भीती आहे. म्हणून पीडीएफ आधी दुसऱ्याच फोनवर उघडून बघायची. मी उघडली. पहिल्याच ओळीत तीन डॉलर, एक उद्गारचिन्ह. पोराला दाखवलं. त्याने स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं, माझ्या फोनकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, माझ्याकडे तर बरोबर दिसायलंय. तिकडच्या लोकांना हा फाँट टाकून घ्यायला सांगा की."