आफ्रिकेतील मुलांचा पक्षाघात : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

‘लहान मुलांना पक्षाघात होतच नाही, आफ्रिकेत मुलांचे अंग लुळे पडते ते केवळ पोलिओमुळे’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत, विशेषतः नायजेरियात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मुलांमधील पक्षाघाताचे एक प्रमुख कारण आहे. विळ्यासारख्या झालेल्या लाल पेशींमुळे मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तपासणी व प्रतिबंधक उपचार नसतील, तर तीव्र सिकलसेल असलेल्या सुमारे ११ टक्के मुलांना विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होतो, असे अमेरिकेतील दीर्घ पाहणीत दिसले होते. क्षयाचा मेंदूज्वर, एचआयव्ही, जन्मजात किंवा संधिवाताने आलेला हृदयविकार हीही कारणे आहेतच.

लक्षणे नीट पाहिली तर गोंधळ टळतो. पक्षाघातात खेळता खेळता मुलाच्या हातातला पेला निसटतो, तोंडाचा एक कोपरा ओघळतो, बोलणे अडखळते, त्याच बाजूचा पाय ओढला जातो. लहानग्यांत अनेकदा आधी झटकेच (फिट) येतात. पोलिओत बहुधा ताप येऊन स्नायू सैल पडतात, वाचा मात्र सहसा जात नाही. शिवाय आफ्रिका खंड २०२० मध्ये नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला (नंतर तुरळक आयात रुग्ण आढळले, हे खरे).

डोक्याच्या डॉप्लर सोनोग्राफीने (मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या तपासणीने) धोका आधीच ओळखता येतो. नियमित रक्त देऊन किंवा, जिथे ते परवडत नाही तिथे, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने तो कमी करता येतो. गडचिरोली, नंदुरबारकडेही सिकलसेलचे रुग्ण आहेत. म्हणून हा संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, ही विनंती.