अपूर्णांकांची तुलना: नुसता तिरका गुणाकार का पुरत नाही

इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज असा: ‘लहान-मोठा अपूर्णांक ओळखायला तिरका गुणाकार (एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद) करा, लगेच उत्तर, कधी चुकत नाही. पट्ट्या, चित्रं, लसावि यांत वेळ घालवू नका. घाईत असाल तर छेद मोठा तो अपूर्णांक लहान, एवढं लक्षात ठेवा.’ पाचवी-सहावीच्या मुलांचं यानं नुकसान होतं.

शेवटचं वाक्य तर सरळ चूक आहे. १/३ आणि ५/८ घ्या. छेद ८ मोठा, तरीही ५/८ मोठा, कारण तो अर्ध्याच्या पुढे आहे आणि १/३ अलीकडे. हा नियम फक्त अंश सारखे असताना चालतो: ३/८ हा ३/५ पेक्षा लहान, कारण भाग तितकेच पण बारीक.

‘तिरका गुणाकार कधी चुकत नाही.’ रीत बरोबर आहे, मुलं चुकतात ती गुणाकार कुठे लिहायचा यात. ३/४ आणि ५/७ मध्ये ३×७=२१ हे ३/४ चं आणि ५×४=२० हे ५/७ चं. बरीच मुलं २१ हा आकडा ७ जवळ लिहितात आणि ५/७ मोठा ठरवतात. दोन्हींचा छेद २८ केला तर २१/२८ आणि २०/२८ येतात, तिरक्या गुणाकारातले आकडे म्हणजे हेच अंश, हे आधी वहीत चार-पाच वेळा करून घ्या. मग आकडा कुणाचा, हा प्रश्नच राहत नाही.

‘पट्ट्यांत वेळ जातो.’ गोल पोळीसारखी चित्रं काढली तर जातोच; हातानं गोलाचे पाच किंवा सात समान भाग कुणाला जमतात? शिवाय दोन गोल लहान-मोठे निघाले की तुलनेला अर्थ उरत नाही. त्याऐवजी खजुरी बाजारातून एक कार्डशीट आणा आणि २४ सेंमीच्या पट्ट्या कापा. २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी २४ ला नि:शेष भाग जातो. प्रत्येक पट्टीवर आधी पाव (६ सेंमी), अर्धा (१२) आणि पाऊण (१८) अशा खुणा करा. शाळेत मूल हिंदीत भिन्न (अपूर्णांक), अंश, हर (छेद) म्हणत असलं तरी पाव, अर्धा, पाऊण हे शब्द त्याला घरात रोज ऐकून ठाऊक असतात.

आता ‘लसावि नको’ हा मुद्दा. चढत्या क्रमानं लावा: २/३, ३/५, ५/८, ७/१२. दोन-दोनच्या जोड्या करत बसलं तर सहा जोड्या, म्हणजे बारा गुणाकार, आणि एक चुकला की क्रम बिघडला. लसावि, म्हणजे सगळ्या छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, इथे १२०, घेतला तर अंश ८०, ७२, ७५, ७० येतात आणि काम चार गुणाकारांत संपतं. त्याहून सोपं म्हणजे अर्ध्याकडे पाहणं. चारही अर्ध्याहून मोठे आहेत. किती मोठे? २/३ हा १/६ ने, ३/५ हा १/१० ने, ५/८ हा १/८ ने, ७/१२ हा १/१२ ने. सगळ्यात कमी जादा ७/१२, मग ३/५, ५/८, २/३. पट्टीवर हेच १४, १४.४, १५ आणि १६ सेंमीवर येतात. मुलाला उत्तर आधी हिशेबात आणि मग डोळ्यांसमोर दिसतं, याची बरोबरी कुठली युक्ती करत नाही.

एक चूक मात्र जरूर तपासा. ‘५/६ आणि ७/८ सारखेच, दोन्हींत एकच कमी आहे,’ असं हुशार मुलंही म्हणतात. कमी एकच भाग आहे, पण एकीकडे तो १/६ आणि दुसरीकडे १/८. कमतरता लहान तिथे अपूर्णांक मोठा, म्हणून ७/८ मोठा. पट्टीवर २० आणि २१ सेंमी मोजून दाखवा.

पुढे परिमेय संख्यांत (ज्यांत ऋण अपूर्णांकही येतात) ऋण छेद आला की नुसती पाठ केलेली रीत उलटं उत्तर देते. १/(−२) आणि १/३ यांत तिरके गुणाकार ३ आणि −२ येतात, म्हणजे १/(−२) मोठा! तिथे आधी ऋण चिन्ह अंशाकडे न्यायचं, −१/२ लिहायचं, मगच गुणायचं.