काळ्या हिऱ्याच्या कॅसेट आणि हजारो डॉलरची आवई

डिस्नेच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटबद्दलचा एक संदेश अधूनमधून नव्याने फिरायला लागतो. आशय साधारण असा: कॅसेटच्या खोक्याच्या कण्यावर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, काळा हिरा छापलेला असेल तर ती दुर्मीळ समजा, ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर अशा कॅसेट हजारो डॉलरना जात आहेत, त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलंय, एकीच्या कव्हरवर तर बंदी आली होती. तेव्हा माळे उपसा, आणि सीलबंद प्रत सापडली तर जपून ठेवा. पुरावा म्हणून सोबत पाच आकडी किमतींचे स्क्रीनशॉट. यातली एकदोन वाक्यं खरीही आहेत, म्हणून तर लोक फसतात.

आधी ते स्क्रीनशॉट पाहू. त्यांत दिसते ती विक्रेत्याने मागितलेली किंमत. ईबेवर ठरावीक संख्येपर्यंत वस्तू मांडायला काही पडत नाही. मुख्य शुल्क कापलं जातं ते विक्री झाल्यावर. म्हणजे पाच डॉलरच्या कॅसेटवर दहा हजारांची चिठ्ठी डकवून वर्षभर बसून राहायलाही विक्रेत्याच्या खिशाला तोशीस नाही. दुसरा विक्रेता भाव ठरवायला बसतो, त्याला ही चिठ्ठी दिसते, तो नऊ हजार लावतो आणि आपण स्वस्तात देतोय अशी स्वतःची समजूत घालतो. तिसरा या दोघांकडे बघून आपला आकडा लिहितो. बघता बघता ‘बाजारभाव’ तयार होतो. त्यात गिऱ्हाईक एकही नसतं.

कधी कधी तर चिठ्ठी लावणारा माणूसही नसतो. 2011 मध्ये बर्कलीतले जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझन यांनी अ‍ॅमेझॉनवर असा एक प्रकार उलगडून दाखवला होता. ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ या माशीच्या वाढीवरच्या शास्त्रीय पुस्तकाची किंमत चढत चढत 2,36,98,655.93 डॉलरवर गेली. दोन विक्रेते, दोघांकडे आपोआप भाव बदलणारी प्रणाली. एकाची प्रणाली दुसऱ्याच्या किमतीला 0.9983 ने गुणायची, म्हणजे त्याच्यापेक्षा किंचित कमी. दुसऱ्याची 1.270589 ने गुणायची; बहुधा त्याच्याकडे पुस्तक नव्हतंच, मागणी आलीच तर पहिल्याकडून घेऊन वर नफा काढायचा बेत असावा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार 1.27 च्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक फेरीत किंमत सव्वापटीहून जास्त. दोन कोटी छत्तीस लाख डॉलर कोणी मागितले नव्हते आणि कोणी दिलेही नाहीत. त्या दिवशी स्क्रीनशॉट काढणाऱ्याला मात्र जगातलं सर्वांत महाग पुस्तक सापडलं असतं.

ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची चाळणी लावा, म्हणजे फक्त विकल्या गेलेल्या वस्तू पाहा, चित्र लगेच पालटतं. काळ्या हिऱ्याच्या वापरलेल्या कॅसेट बहुतेक वेळा मोजक्या डॉलरना जातात, पुष्कळदा गठ्ठ्याने.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘सोल्डमध्येही मोठे आकडे दिसतात की!’ दिसतात, पण तेही जपून वाचावे लागतात. विक्रेत्याने ग्राहकाची कमी बोली मान्य केली असेल तर मूळ किमतीवर रेघ मारलेली दिसते, खरा सौदा कितीला झाला ते तिथे कळत नाही. बोली जिंकून पैसेच न भरणारेही असतात. शिवाय आपल्याच मालावर ओळखीच्या माणसाकरवी बोली चढवण्याचे उद्योग चालतात. नियमात बसत नाहीत, पण चालतात. एकट्या उंच आकड्यावर विसंबण्यापेक्षा सलग दहा-वीस विक्री पाहाव्यात.

आता दुर्मीळपणा. ‘ब्लॅक डायमंड’ हे संग्राहकांच्या तोंडी रुळलेलं नाव. डिस्नेने ही मालिका ‘द क्लासिक्स’ म्हणून 1984 ते 1994 या काळात विकली. त्यातली 1992 ची ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ एकट्या अमेरिकेत दोन कोटींच्या घरात खपली. आता बनत नाही, हे खरंच. पण दोन कोटी घरांत गेलेल्या वस्तूचं उत्पादन थांबल्याने ती दुर्मीळ होत नाही.

‘बंदी आलेलं कव्हर’ म्हणजे ‘द लिटिल मर्मेड’ची 1990 ची कॅसेट. कव्हरवरच्या राजवाड्याचा एक मनोरा लोकांना अश्लील वाटला आणि नोकरीवरून काढलेल्या चित्रकाराने डिस्नेवर सूड उगवला, अशी कथा पसरली. तो चित्रकार डिस्नेचा नोकरच नव्हता. पुढच्या आवृत्तीत चित्र बदललं, पण तोवर जुन्या कव्हरच्या लाखो प्रती घरोघरी पोहोचल्या होत्या.

जुन्या कॅसेटना मोठा भाव मिळतो यासाठी दिला जाणारा सगळ्यांत वजनदार पुरावा मात्र खरा आहे. जून 2022 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘बॅक टू द फ्यूचर’ची कॅसेट 75,000 डॉलरना गेली. पण ती 1986 ची सीलबंद, गुणांकन झालेली (तज्ज्ञांनी अवस्था तपासून गुण दिलेली) प्रत होती आणि चित्रपटात बिफचं काम करणारे टॉम विल्सन यांच्या स्वतःच्या संग्रहातली होती. खरेदीदाराने मोजले ते या सगळ्याचे पैसे. त्याच चित्रपटाची शंभरदा पाहिलेली कॅसेट घेऊन गुणांकनाला पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

हाच तर्क आता डिस्कच्या मर्यादित आवृत्त्यांना लावला जातो: प्रती मोजक्या, म्हणून भाव चढतच राहणार. मोजक्या प्रती हे निदान खरं कारण आहे, कॅसेटच्या बाबतीत तेही नव्हतं. पण हक्क विकत घेऊन कोणी तोच चित्रपट पुन्हा काढला की काय होतं? निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची ‘सालो’ या चित्रपटाची 1998 ची डीव्हीडी लवकरच बंद झाली आणि वर्षानुवर्षं शेकडो डॉलरना विकली गेली; महाग म्हणून तिच्या नकलाही बोकाळल्या. 2008 मध्ये क्रायटेरियननेच नवी आवृत्ती काढली. ज्यांना चित्रपट पाहायचा होता, त्यांना जुन्या प्रतीची गरज उरली नाही. उरले फक्त त्याच छपाईचा हट्ट धरणारे, आणि ते फार थोडे असतात.

राहिला जपून ठेवण्याचा सल्ला. चुंबकीय फीत सीलच्या आतही जुनी होतेच. डिस्कचंही तसंच: 2006 ते 2008 दरम्यान बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने 2025 मध्ये मान्य केलं. त्या वापरून झिजल्या नव्हत्या, दोष घडणीतच होता. त्यामुळे त्या काळातली सीलबंद डीव्हीडी चढ्या भावाने घेणाऱ्याला ती चालते की नाही हे तपासायची सोय नाही, कारण सील फोडलं की ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच जातं.