टूरिंग बाईक, टूर सोडून सगळं

नागपुरात टूरिंग बाईक घेतली की दोन प्रश्न हमखास येतात. "मिलेज काय देते?" आणि "समृद्धीवर नेली का?" पहिल्याचं उत्तर ऐकून लोक हळहळतात, दुसऱ्याचं ऐकून हसतात. कारण मुंबईपर्यंतचा तो ७०१ किलोमीटरचा रस्ता सुरू होतो आमच्याच शिवमडक्यापासून, आणि त्यावर दुचाकीला परवानगीच नाही. म्हणजे गावातून निघणारा सगळ्यात भारी रस्ता सोडून बाकी सगळीकडे फिरायला मी ही दोनशे किलोची गाडी घेतली.

असो. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाल्यांना गाडीपेक्षा फोटोची घाई. गाडीवर लाल कपडा, टेबलावर केक, एका मुलीच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून चेसिस नंबर वाचत फरशीवर बसलेलो. हँडलच्या खाली मानेजवळ कोरलेला असतो तो, इंजिन नंबर इंजिनच्या केसिंगवर, दोन्ही बिलाशी आणि इन्शुरन्सच्या कागदाशी अक्षर न अक्षर जुळवायचे, कारण एक अंक जरी चुकला तरी तो दुरुस्त करायला आरटीओत चपला आपल्याच झिजतात. सेल्समन म्हणे, "सर, आम्ही चेक केलं न सगळं." मी म्हटलं, "हो जी, मी फक्त पाहून राहिलो."

मग टायर. टायरच्या बाजूला ती बारीक अक्षरं असतात न, त्यात शेवटी चार आकडे सापडले पाहिजे. मागच्या टायरवर ४८२४, म्हणजे टायर बनला २०२४ च्या अठ्ठेचाळीसाव्या आठवड्यात. पुढच्याचे आकडे काही दिसेनात, कारण ते नेमके दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे. मग दोन पोरं बोलावून गाडी फिरवून घेतली, तोवर केकची क्रीम बसायला लागली आणि चावीवाल्या मुलीने चावी भिंतीला टेकवून आपला फोन काढला. खिशातून हवेचा गेज काढला तेव्हा तर सेल्समनचा चेहराच उतरला. पुढे हवा निघाली पंचेचाळीस! मॅन्युअलमधे लिहिलेली तिशीच्या आत. "गाडी उभी राहते न सर, हवा कमी होते, म्हणून जास्तच भरून ठेवतो." ठेवा न बाप्पा, पण देताना काढा तरी. नव्या टायरचा वरचा थर आधीच गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झुकवायची नसते, त्यात दगडासारखी हवा भरून आमच्या सिमेंट रोडवर सोडायचं, जिथे सिमेंट संपून बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे एक पायरीच असते, म्हणजे पुढची डिलिव्हरी थेट हाडांच्या डॉक्टरकडे.

चेन मात्र मेकॅनिकने स्वतःहून दाखवली. भला माणूस. मधोमध बोटाने वरखाली करून, शेजारी पट्टी धरून, "पाहा भाऊ, तीस मिलिमीटर, बरोबर आहे, लय टाइट करू नका, दोघं बसले की मागचं सस्पेन्शन दबते अन् चेन अजून ताणते." अख्ख्या शोरूममधे कामाचं वाक्य बोललेला हा एकटा माणूस, आणि फोटोत त्याला कोणी घेतलं नाही.

तिथून टेकडी गणपती. चाकाखाली लिंबू, टाकीवर स्वस्तिक, हेडलाइटला हार. गुरुजींनी हवा वगैरे काही विचारली नाही.

आता अपग्रेड. तपासायच्या गोष्टींना एक रुपया लागत नाही म्हणून त्या कोणीच सांगत नाही, आणि विकत घ्यायच्या गोष्टी सांगायला अख्खं नागपूर मोकळं आहे. मित्र म्हणाला, "अबे फॉग लाइट लाव." शेजारचे काका म्हणाले टेफ्लॉन कोटिंग कर. नागपूरच्या सदर बाजारातल्या दुकानात तर ग्राहकाला बसवून चहा देतात आणि चहा संपेपर्यंत गाडीला काय काय कमी आहे याची यादी वाढतच जाते, सगळं लावलं असतं तर गाडी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसारखी सजली असती आणि तेवढीच पळाली असती.

माझं मत विचाराल तर क्रॅश गार्ड घ्या, पण तो फ्रेमला दोन-तीन ठिकाणी कसला जाणारा हवा, एकाच बोल्टवर लटकणारा नको. पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप तर घ्याच, ट्यूबलेस असेल तर रस्त्याच्या कडेला स्वतः पंक्चर काढता येतं. मोबाईल होल्डर घ्यायचा तर डॅम्परवाला, म्हणजे थरथर गिळणारा, कारण इंजिनच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो हे अ‍ॅपलने २०२१ मधे स्वतःच सांगितलंय. फॉग लाइट लावायचेच असतील तर रिले आणि फ्यूज टाकून, वायर कापून जोडली की वॉरंटीवाले ओळख दाखवत नाहीत. उंच विंडशिल्ड हायवेला मस्त, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत छातीवर येणारी तेवढी हवाही तो अडवतो, दुपट्टा बांधून हेल्मेटच्या आत माणूस शिजतो. आणि ज्याला दुकानात कोणी भाव देत नाही तो साइड स्टँडखालचा चपटा तुकडा, दोन-चारशे रुपयांचा, तो नागपूरकराने सगळ्यात आधी घ्यावा. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, सामानासकट गाडी उभी केली की स्टँड हळूहळू रुततो आणि चहा पिऊन बाहेर येतो तर गाडी झोपलेली.

खरी भानगड डब्यांची झाली. मागे दोन्ही बाजूंना पॅनियर लावायचे तर रॅक पाहिजे आणि रॅकच्या जागी डावीकडे साडी गार्ड. ती जाळी पाहून सगळे रायडर नाक मुरडतात, पण १९८९ च्या मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक तरी झाकलंच पाहिजे. दुकानदाराने मात्र पाना लावला, "काढून टाकू न सर, टूरिंगमधे कोण साडी नेसते?" मी वाद घातला नाही. बायको जीन्सवाली, जाळी घरी आणून पलंगाखाली सरकवली.

दोन्ही डबे लावून, मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण (प्रीलोड) वाढवून, चिखलदऱ्याचा बेत पक्का केला. आई अंगणात आली, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"चिखलदरा नंतर. आधी मले रामटेकला ने. नवस आहे."

"आई, कारने जाऊ न."

"गाडीचा नवस आहे, गाडीवरच जाते."

नऊवारी नाही पण सहावारी तरी आहेच, आणि ती एका बाजूलाच बसणार. मेकॅनिकला फोन केला, तो फोनवरच हसला. डावीकडचा डबा निघाला, पलंगाखालून जाळी आली. सीट एवढी उंच की आई ओट्यावर चढून बसली आणि बसल्या बसल्या उजवीकडच्या डब्यावर थापटी मारली.

"हा राहू दे रे. यात नारळ मावतात."